देवाच्या कुत्र्याची अंघोळ

माझ्या थोरल्या दिरांना एक खोड होती. समोरच्याचं सगळं ऐकून घ्यायचं, ‘व्हय जी’ म्हणून मान डोलवायची, आणि पाठ वळली की आपल्याच मनाचं करायचं. दुसऱ्याच्या डोळ्यांत धूळ फेकायला लोकांना मूठ लागते. येताळाभावजींना नुसती मान पुरायची.

मेंढरांना औषधात बुडवलं त्या दिवशीही त्यांनी तेच केलं. भीमेच्या काठाला एका शेतकऱ्याच्या पडीक रानात आमचा तळ पडला होता. जनावरांच्या दवाखान्याचे डॉक्टर सरवदे आले होते. त्यांच्या सांगण्यावरून आम्ही खड्डा खणला, त्यात ताडपत्री अंथरली आणि औषधाच्या पाण्याचा हौद केला. माझे मालक, म्हणजे धुळा, एकेक मेंढरू उचलून हौदात सोडत होते. मी पलीकडच्या काठाला मान धरून ओढून घेत होते. लुगडं चिंब, हाताला औषधाचा वास, आणि मेंढरं माझ्याकडं अशी बघत होती जशी काही मीच त्यांची सावत्र आई.

“कुत्र्यांसाठी वेगळी बादली केलीय,” डॉक्टर म्हणाले. “सगळी कुत्री आलीत ना, कारभारी?”

“आली की जी.”

“सगळी?”

भावजींनी मान डोलवली.

तीन कुत्री न्हाऊन अंग झाडत उन्हाला बसली होती. चौथा खंड्या, कळपाचा खरा राखणदार, तिथं नव्हता. सकाळीच भावजी त्याला भाकरीचा तुकडा दाखवत बाभळींच्या पलीकडं घेऊन गेलेले मी पाहिलं होतं. ते परत आले तेव्हा एकटेच होते.

मला तोंड होतं, देवानं चांगलं धारदार दिलं होतं, पण ते भावजींपुढं उघडायची सोय नव्हती. आमच्यात धाकट्या भावाच्या बायकोनं थोरल्या दिराशी बोलायचं नाही, त्याच्यापुढं डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, अशी रीत. थोरली जाऊ मी नांदायला यायच्या आधीच वारली होती, त्यामुळं मधे निरोप न्यायलाही कोणी बाई नव्हती. मालक दिवसभर रानात. मग आमचं बोलणं चालायचं ते कुत्र्यामार्फत. भावजी म्हणायचे, “खंड्या, आज भाकरी करपली म्हणावं.” मी चुलीकडं तोंड करून म्हणायची, “खंड्या, जळण ओलं आणून दिलं की भाकरी करपती म्हणावं.” खंड्या बिचारा दोन्हीकडं बघून शेपूट हलवायचा. लग्न झाल्यापासून आम्हां दोघांत थेट एक शब्द गेला नव्हता, आणि त्या कुत्र्याइतकी आमची भांडणं कुणी ऐकली नव्हती.

त्या दिवशी खंड्या नव्हता, म्हणून मी हातातल्या मेंढीलाच म्हटलं, “बघ गं बाई, गाव सगळं न्हालं आन परधान कोरडाच ऱ्हायला.”

डॉक्टरांनी वळून पाहिलं. “काय म्हणताय, वहिनी?”

“काई न्हाई सायेब,” मालक घाईनं म्हणाले. “ती मेंढरांशी बोलती. सवय हाय तिला.”

भावजींची मान मात्र ताठ झाली. त्यांना पोचलं होतं.

जाताना डॉक्टरांनी सगळ्यांना पुन्हा बजावलं. पिसवा आणि गोचीड जनावराच्या अंगावर रक्त प्यायला येतात, पण अंडी घालतात ती खाली, मातीत, लेंड्यांत, घोंगडीच्या घडीत. म्हणून नुसतं जनावर धुऊन भागत नाही. जागा बदलायची, खालचा केरकचरा जाळायचा, आणि पंधरवड्यानं पुन्हा एकदा सगळं करायचं. “आणि एक जरी जनावर सुटलं,” ते म्हणाले, “तरी समजा की काहीच केलं नाही.” कुत्र्यांच्या औषधाची उरलेली बाटली त्यांनी माझ्या हातात दिली. बादलीला एक झाकण, डोळ्यांत जाऊ द्यायचं नाही, वाळेपर्यंत चाटू द्यायचं नाही. मला वाचता येत नव्हतं, पण ऐकलेलं मी विसरत नव्हते. बाटली मी धान्याच्या पोत्यात खोल खुपसून ठेवली.

डॉक्टरांना बोलवायची पाळी का आली, ते सांगते. आमची कोकरं मरत होती.

आता कोकरं म्हणजे माझं राज्य. मेंढरं गड्यांची, कोकरं बायकांची, आणि आमच्या तळावर बायकांत मी. आई नसलेलं कोकरू दुसऱ्या मेंढीला लावावं तर मीच. दूध न ओढणाऱ्याच्या तोंडात बोट घालून त्याला ओढायला शिकवावं तर मीच. आमच्याशेजारी देवकात्यांचं बिऱ्हाड असायचं. त्यांची म्हातारी सगळ्यांना सांगायची, “केराबाईच्या हाताखाली दगड दिला तर त्यो बी दूध पिऊन बें बें करंल.” हे मी स्वतः सांगत नाही, म्हातारी सांगायची. पण खोटं सांगत नव्हती.

त्या साली मेंढ्या एकामागं एक व्यायला लागल्या आणि आमचा तळ हलायचा थांबला. नाहीतर आम्ही एका रानात चार रात्री, दुसऱ्यात चार रात्री. पाय आमचे कधी थांबत नाहीत, म्हणून किडाही आमच्यामागं टिकत नाही. त्या साली महिनाभर एकाच जागी बसलो. शेतकरी खूश, त्याच्या रानाला खत मिळत होतं. आणि आमच्या पायाखाली पिसवांचं गोकुळ भरत होतं.

कोकरं कोंडायच्या कुडाच्या तोंडाशी खंड्या झोपायचा. लांडगा यायचा तर तिथूनच येणार, म्हणून त्याची जागाच ती. थंडीनं कुडकुडणारी कोकरं कुडातून निघून त्याच्या पोटावर चढून झोपायची. बघायला असं गोड, की मीच म्हणायची, नजर लागेल.

मग एक कोकरू मान टाकून बसलं. मी त्याची पापणी उलटून बघितली. आतनं डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल असते ती ताकासारखी पांढरी. अंगातलं रक्त कुणीतरी पिऊन टाकलेलं. लोकर बाजूला केली तर पिसवा अशा पळाल्या जशी जत्रा उठली. दोन दिवसांनी दुसरं गेलं. मग मी मालकांच्या मागं लागून डॉक्टर आणवले.

मेंढ्या अजून व्यायच्या होत्या, म्हणून तळ तिथंच राहिला. आणि डॉक्टर येऊन गेल्यावर आठवडाभरात कोकरं पुन्हा पांढरी पडायला लागली.

एका सकाळी मी कुडातून मेलेलं कोकरू बाहेर काढलं. भावजी दातण करत उभे होते. देवकात्यांची म्हातारी होती, मालक होते, सगळे होते. भावजींनी कोकराकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं नाही.

“खंड्या,” ते म्हणाले, “धाकटीचा हात बाधलाय म्हणावं. उद्यापास्नं कोकरांना देवकात्यांची म्हातारी बघंल. तिनं कुडात पाऊल टाकायचं न्हाई.”

कुणी माझ्या अंगावर हात टाकला असता तर मी त्याचा हात मोडला असता. पण बाईचा हात बाधला असं कारभाऱ्यानं चारचौघांत म्हटलं, की तिच्या हातची कोकरंच काय, तिच्या हातचं पाणीसुद्धा लोक दोनदा बघून पितात. मी आजवर जे काही होते ते त्या हातावर होते. माझ्याकडं सोनं नव्हतं, शाळा नव्हती, जमीन नव्हती. हात होता.

म्हातारी पुढं होऊन म्हणाली, “येताळा, आसं नगं बोलू, बाबा.” भावजींनी मान डोलवली. म्हणजे ऐकलं नाही.

मी मेलेलं कोकरू म्हातारीच्या ओंजळीत दिलं. रडले नाही. रडायचं असतं तर लग्नातच रडले असते.

खंड्याच्या बाबतीत भावजींचं घोडं कुठं अडलं होतं ते सगळ्यांना अर्धंच ठाऊक होतं. खंड्या देवाचा कुत्रा. भावजींनी तो पिल्लू असतानाच खंडोबाच्या नावानं सोडला होता. त्याच्या गळ्यात दोरी नाही, त्याच्यावर काठी नाही, अंगाला औषध नाही. दर रविवारी भावजी त्याच्या कपाळाला भंडारा लावायचे. काहीतरी नवस होता. कसला, ते कुणी विचारलं नाही. मी तर विचारूच शकत नव्हते.

पण दाखवू शकत होते. त्या दिवशी भावजींचं पांढरं धोतर मी धुऊन, वाळवून आणलं आणि खंड्याच्या बसायच्या जागेवर चांगलं पसरून ठेवलं. दुपारी भावजी जेवायला आले. मी दोन बोटांनी धोतर उचललं आणि त्यांना दिसेल असं उन्हात धरलं. पांढऱ्यावर काळे ठिपके, आणि ठिपके उड्या मारत होते. जणू कुणी तिळाचा डबा सांडला आणि तिळांना पाय फुटले.

“खंड्या,” मी म्हटलं, “भावजींना म्हणावं, धोतर तयार हाय. नेसून बघा, म्हणजे कोकराला काय हुतं ते कळंल.”

म्हातारीनं तोंडावर पदर घेतला. हसू आवरत नव्हतं तिला. मालकांच्या घशात घास अडकला.

भावजींनी माझ्याकडं न बघता हात पुढं केला. धोतर घेतलं. बाभळीआड गेले आणि तेच नेसून आले! झटकलंही नाही. दिवस मावळेपर्यंत ते माणूस मांड्या खाजवत, दात आवळत मेंढरांमागं फिरलं. पण ‘पिसवा हायत’ असं एकदा तोंडातून काढलं असेल तर शपथ.

मालक मला हळूच म्हणाले, “आगं, त्येला इतकं का टोचती?”

“मी न्हाई टोचत,” मी म्हटलं. “पिसवा टोचत्यात.”

पण मनातून मी चक्रावले होते. हट्टी माणसं मी पाहिली होती, मी स्वतःच एक होते. पण हट्टासाठी माणूस आपली कातडी सोलून घेत नाही. भावजींच्या मनात हट्टाहून दुसरं काहीतरी होतं, आणि ते काय ते मला कळेना.

दुसऱ्या दिवशी ऊन कलायच्या आधी लांडगा आला. उघड्या दिवसा. निवडुंगाच्या बाजूनं आला, कुडाबाहेर चरत असलेलं एक कोकरू तोंडात धरलं, आणि पळत सुटला. आम्ही ओरडलो, गोफणी फिरवल्या, पण ते सगळं मागाहून. अशा वेळी खंड्या वाऱ्यासारखा सुटायचा. गेल्या साली त्यानं एका लांडग्याला कानाला धरून लोळवलं होतं. त्या दिवशी तो उठला, थोडं धावला आणि पाय दुमडून मातीत बसला. भुंकायला तोंड उघडलं तर आवाजच निघाला नाही. बाकीची तीन कुत्री पुढारी नाही म्हणून तिथल्या तिथं घोटाळली. लांडगा निवांत निघून गेला.

भावजी धावत खंड्यापाशी गेले, त्याला उचलून आणलं आणि घोंगडीवर ठेवलं. त्याच्या हिरड्या मी लांबून बघितल्या. ताकासारख्या पांढऱ्या.

मी काही न बोलता पोत्यातून बाटली काढली. बादलीत पाणी भरलं, झाकणानं औषध मोजून ओतलं, फडकं घेतलं आणि चालत गेले. भावजी खंड्याच्या आडवे उभे राहिले. माझा पदर नाकापर्यंत, नजर खाली, बादली हातात.

“खंड्या,” मी म्हटलं, “त्यांना म्हणावं, बाजूला व्हा.”

“खंड्या, तिला म्हणावं, बादली घिऊन माघारी जा.”

“तू मरायला लागलायस, म्हणावं. तुझं रगत गोचडांनी प्यालंय. तू मेलास तर आमचा कळप लांडग्याच्या ताटात हाय, म्हणावं.”

“ठावं हाय म्हणावं.” भावजींचा आवाज फाटला. “मला ठावं न्हाई व्हय? पर भंडाऱ्याबिगर ह्येच्या अंगाला काई लावायचं न्हाई, आसा सबूद दिलाय देवाला.”

“कसला सबूद? कशापायी?” मी पण तापले. “दुसरी बायकू त्यांनी केली न्हाई. जमीन त्यांना नगं. सवताचं पोर न्हाई. मग देवाकडं मागितलं तरी काय ह्या माणसानं, ज्येच्यापायी माझी कोकरं मेली आन माझा हात बाधला? विचार त्यांना!”

भावजी गुडघ्यावर बसले, खंड्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि त्याच्या कानाशी बोलल्यासारखं बोलायला लागले. पण आम्हां सगळ्यांना ऐकू येत होतं.

“खंड्या, तिला सांग. ठकी तान्ही असताना तापानं डोळं फिरवून पडली हुती. धाकटी तिला घिऊन म्हायेरी म्हसवडला हुती. तवा ह्यो माणूस अनवाणी खंडुबाच्या गडावर गेलता. म्हणला, देवा, आमच्या घरात एवढंच लेकरू हाय. ते राख. माझ्या कुत्रीचं पयलं पिल्लू तुझं. जितं हाय तवर त्येच्या अंगाला भंडाऱ्याबिगर काई लागू देणार न्हाई. खाली उतरला तर निरोप आला, पोरीनं डोळं उघडलं. आता ह्यो सबूद मोडला आन पोरीला काई झालं, तर तिच्या आईला ह्या माणसानं त्वांड कसं दावायचं? ते तूच सांग.”

ठकी माझी लेक. त्या वेळी ती पाच वर्षांची असेल. म्हातारीच्या पदराला धरून उभी होती. पाच वर्षांत भावजींनी तिला कधी कडेवर घेतलेलं मी पाहिलं नव्हतं. मी समजत होते, पोरगी म्हणून त्यांना नकोशी. माहेरी मी एकटीच तिच्या उशाशी जागत होते तेव्हा सासरचं कोणी फिरकलं नाही, हे मी येताजाता मालकांना ऐकवत आले होते. मालकही तोंड वासून भावाकडं बघत होते. त्यांनाही ठाऊक नव्हतं.

मी हातातली बादली खाली ठेवली.

“खंड्या,” मी म्हटलं, “गडावर देवाला रोज पाण्यानं न्हाऊ घालत्यात का न्हाई? पुजाऱ्यानं अंग चोळलं म्हणून देव कवा बाटला? मग देवानं रोज न्हावं आन त्येच्या कुत्र्यानं पिसवांत लोळावं, आसं देव कवा म्हणला? आन सबूद माझ्या लेकीपायी दिला हुता, म्हणावं. आता त्यो माझा. कोप व्हायचा तर माझ्यावर हुईल. माझ्याशी भांडायचं तर देवालाबी सवड काढून यावं लागंल.”

म्हातारी म्हणाली, “आगं, आवर.” पण आवरायची वेळ गेली होती.

भावजींचा हात कमरेकडं गेला. कमरेला भंडाऱ्याची पिशवी असायची. तिचं तोंड सोडून त्यांनी चिमूटभर भंडारा माझ्या बादलीत टाकला. थोडा विचार केला आणि मूठभर टाकला. पाणी पिवळंधमक झालं. त्यांनी ‘यळकोट’ म्हटलं आणि खंड्याचा जबडा दोन्ही हातांत धरला. खंड्या त्यांच्याशिवाय कुणाला जबडा धरू देत नसे. औषध लावायचं माझ्या हातानं, धरायचं त्यांच्या. दोघांतलं एक नसतं तर ती अंघोळ झाली नसती.

मी त्याचे कान उलटले. आत एरंडाच्या बियांसारख्या टरारलेल्या गोचिड्या एकीला एक चिकटून. बोटांच्या बेचक्यांत, शेपटीच्या बुडाला, काखेत, सगळीकडं. एकेक करून मी काढल्या आणि रॉकेलच्या डब्यात टाकल्या. पिसवा कुत्रा सोडून माझ्या हातावर चढल्या. भावजींच्या धोतरावर चढल्या. आमचे खांदे एकमेकांना लागत होते. लग्न झाल्यापासून कधी न घडलेली गोष्ट, आणि दोघांनाही ते सुचायला फुरसत नव्हती. मालकांनी तोवर जुना कूड मोडून पेटवून दिला. तळ उचलून रानाच्या दुसऱ्या टोकाला नेला.

पुढचं सांगायचं तर खंड्या उठला. आधी पाणी प्यायला, मग भाकरी खाल्ली, मग हळूहळू कळपामागं चालू लागला. पंधरवड्यानं आम्ही पुन्हा त्याला धुतलं, भंडाऱ्याच्याच पाण्यानं. कोकरांच्या पापण्या लाल झाल्या. कोकरं मला कुणी परत दिली नाहीत. मीच कुडात शिरले आणि कुणाची मला अडवायची छाती झाली नाही. देव कोपला नाही. ठकीच्या थोरल्या पोराचं आता लग्न ठरलंय. म्हणजे देवाला काय चालतं ते मला भावजींपेक्षा बरं कळत होतं.

पण ते सगळं मागाहूनचं. त्या दुपारी खंड्या पिवळ्या अंगानं घोंगडीवर पडला होता, आणि चाटू नये म्हणून भावजी त्याचं तोंड धरून बसले होते. मी हात धुतले. धुरानं डोळे चुरचुरत होते. मी पदर नाकावरून काढला, डोक्यावरून मागं सारला आणि पहिल्यांदाच, कुत्र्याकडं न बघता, सरळ त्यांच्या तोंडाकडं बघितलं. देवकात्यांची म्हातारी जागच्या जागी थिजली.

“भावजी,” मी म्हटलं, “माझ्या लेकीपायी अनवाणी गड चढलासा. पिसवांचं धोतर दिसभर नेसलासा. माझा हात बाधला म्हणून चार माणसांत बोललासा, पर खरं काय ते बोलला न्हाई. मेंढरांत ऱ्हाऊन ऱ्हाऊन पुरतं मेंढरू झालासा तुम्ही! मेंढराच्या मानंवर सुरी आली तरी ते मुकंच. शेळीच्या पायात नुसता काटा घुसला तरी तळ डोक्यावर घेती. ह्याच्याम्होरं जरा शेळीवानी वरडायला शिका. ऐकायला म्या हाय.”